एका कॉम्प्युटरची चार माणसं

१४ नोव्हेंबर

सकाळपासून सात पोस्टरं केली. पाच नाटकांत कुणाचं तरी कुंकू पुसलं जातं, उरलेल्या दोनांत ते पुसता पुसता राहतं. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडई, म्हणजे जत्रा आणि रात्रीची नाटकं, सुरू झाल्या की वडशातल्या प्रत्येक नाटक कंपनीला पोस्टर आजच हवं असतं आणि प्रत्येक नटाला आपलंच नाव सगळ्यांत जाड अक्षरात. सगळीच अक्षरं जाड केली तर जाड राहिलं काय, हे मी तीस वर्षं सांगतो आहे. डोळे दुखतात. पाठीचं तर विचारूच नये.

यंदा दिनेशची वेबसाइट हे नवं प्रकरण निघालं आहे. दिनेश मागच्या गल्लीतला, पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करून परत आलेला. पूर्वी गावचं मंडळ नाटक ठरवायला वडशाला यायचं, चार कंपन्यांच्या ऑफिसात चहा प्यायचं आणि ज्याचा चहा बरा त्याचं नाटक न्यायचं. आता आधी त्या वेबसाइटवर बघतात, लोकांनी किती तारे दिले, काय अभिप्राय लिहिला. मग येतात. चहा पितातच.

हेमराजभाऊंच्या नाटक कंपनीतल्या हिरोइनच्या पानावर आज कुणीतरी लिहिलेलं वाचलं: 'हिरोइन गावठी आहे. नागपूरची आणा, नाहीतर येऊ नका.'

ती हिरोइन, रंजीता, माझी मुलगी. चार वर्षं आम्ही बोललेलो नाही. खरं लिहायचं तर मी बोललेलो नाही. पहिल्या वर्षी तिचे दोन फोन आले होते.

मी उत्तर लिहिलं. स्वतःच्या नावानं लिहिणं शक्यच नव्हतं, म्हणून नाव दिलं मुखरू मास्तर, गाव कुरखेडा. निवृत्त शिक्षक, कडक, नाटकाचा दर्दी. 'ज्यांना आपली बोली बोलायची लाज वाटते त्यांनी दुसऱ्याला गावठी म्हणू नये,' असं मास्तरांनी ठणकावलं. पाच तारे दिले. मग वाटलं, मास्तर इतके उदार नसणार. चार केले.

१८ नोव्हेंबर

या घरातलं अन्न नाटकांच्या पोस्टरांतून आलं आहे. नट्यांची नावं मी याच हातानं रंगवली, आधी ब्रशनं, मग कॉम्प्युटरवर. पण रंजीता गडचिरोलीचं नर्सिंग सोडून हेमराजभाऊंकडे गेली तेव्हा म्हणालो, 'माझ्या पोरीचं नाव पोस्टरवर दिसलं तर ती माझी पोरगी नाही.' पुढच्याच महिन्यात हेमराजभाऊंनी तिचा फोटो आणून दिला. गिऱ्हाईक जुनं. पोस्टर केलं. तेव्हापासून करतोच आहे. बोललेला शब्द मात्र गिळता आला नाही.

काल कुरखेड्याजवळच्या एका मंडईत तिचं नाटक होतं. पोस्टरांचा गठ्ठा द्यायचा आहे असं घरी सांगितलं. मनकर्णेनं काही विचारलं नाही. बायको भोळी आहे. थर्मास भरून दिला, स्वेटर दिलं आणि म्हणाली, "मागं बसजा. तिथी तणस जास्त टाकते, थंडी नाई लागत."

पोस्टर द्यायला गेलेला माणूस कशाला बसेल, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

मफलर नाकापर्यंत ओढून सगळ्यांत मागे भाताच्या पेंढ्यावर बसलो. रंजीता बरं करते. नको, इथं कोण वाचणार आहे. ती फार चांगलं करते.

२३ नोव्हेंबर

मास्तर एकटे पडले होते म्हणून आरमोरीच्या रुखमाबाई आल्या. त्या सरळ पाच तारे देतात. 'बाई, तू रडली तं माह्या मांडीवरचा नातू बी रडला' असं त्यांनी लिहिलं आणि मीच ते दोनदा वाचलं. आज राजुऱ्याचा विक्की आला. कोळशाच्या खाणीत कामाला, मंडईपुरता गावी येतो. त्याला शुद्ध लिहिता येत नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका सुधारल्यावर मुद्दाम चुका करणं फार जड जातं.

काळजी सगळी घेतो. लिहून झालं की हिस्ट्री पुसतो. मोडेम बंद करून वीसपर्यंत मोजतो, मग चालू करतो. रुखमाबाई ब्राउझरच्या त्या गुप्त खिडकीतून लिहितात, जिच्यात म्हणे काही मागे राहत नाही. विक्कीसाठी तर वेगळा ब्राउझर ठेवला आहे. साठीला आलेल्या माणसानं काय हे धंदे करावेत. पण सापडणार कसा?

४ डिसेंबर

इतके दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. पोस्टरं होती.

आज हेमराजभाऊ दुकानात येऊन बसले. खुशीत होते. "पत्रूभाऊ, संक्रांतीपर्यंत एक तारीख खाली नाई. सारे मंडळं रंजीताचंच नाटक मागून राह्यले. नवीन नाटक तिच्यावरच लिवून घेतो."

"बरं आहे," मी म्हणालो.

"अन् तो कुरखेड्याचा मास्तर कोण आहे मालूम नाई, पण माणूस पारखी आहे जी."

"असंन," मी म्हणालो आणि पोस्टरात मान घातली. कान तापले होते. या आनंदात बुधू नावाचा एक माणूस काढला. घाईत काढल्यामुळे त्याला गाव द्यायचं राहिलं. तो फक्त 'लय भारी' लिहितो.

११ डिसेंबर

सकाळी वेबसाइट उघडली तर रंजीताच्या फोटोवर लाल पट्टी. 'या कलाकाराबद्दलचे एकोणीस अभिप्राय एकाच कॉम्प्युटरवरून वेगवेगळ्या नावांनी आलेले आहेत. ते काढून टाकले आहेत.' तारे साडेचारवरून तीनच्या खाली.

एकोणीस. आठवून मोजले. सगळे माझेच.

चहाच्या टपरीवर दोन कंपन्यांचे लोक हसत होते. एक म्हणाला, "पोरगी नाटकापेक्षा लिवते मस्त." म्हणजे तिनंच लिहिलं असं सगळ्यांनी धरून टाकलं आहे. मी चहा अर्धा टाकून आलो. 

१२ डिसेंबर

हेमराजभाऊ आले. आज बसले नाहीत.

"पोस्टर बदलवा लागते. रंजीताचा फोटो काढा. नागपूरची बाई येऊन राह्यली."

"काऊन?"

"काऊन म्हणता? तीन मंडळांचे फोन आले. म्हणते, खोटे तारे लावणारी पोरगी नाई पायजे. मी तिले विचारलं. म्हणते, मी नाई लिवलं, मले काई मालूम नाई. मंग कोणं लिवलं, भूतानं?"

"तुमचा तिच्यावर भरोसा नाई का?"

"माह्या भरोश्यानं मंडई नाई होत जी. तिले बहिणीचं काम देऊन राह्यलो. दोन सीन आहेत." मग त्यांना माझं आणि तिचं नातं आठवलं असावं, कारण ते खाली बघून म्हणाले, "तुमचं-तिचं तं तसंबी बोलणं नाई."

तोंड उघडलं होतं. सांगणारच होतो. निघालं ते भलतंच: "पोस्टर उद्यापर्यंत देतो."

फोटो काढायला चार मिनिटं लागली. तिच्या मागे जे आकाश होतं ते नीट भरायला दुपार गेली. तिथं ती उभी होती हे कुणाला कळू नये म्हणून मी तीन तास खपलो. या हाताची लाज वाटते.

१३ डिसेंबर

न राहवून दिनेशकडे गेलो. सहज आल्यासारखं दाखवलं.

"दिनेश, हे कसं रे ओळखते तुझी वेबसाइट? समजा एखाद्यानं हिस्ट्री पुसली, मोडेम बंद-चालू केला, गुप्त खिडकीतून लिवलं, तरी?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठून मला स्वतःची खुर्ची दिली.

"काका, हिस्ट्री पुसली का वेबसाइटनं तुमच्या कॉम्प्युटरात ठेवलेली खूण पुसल्या जाते. पण मी खुणेच्या भरोश्यावर नाईच. मी कॉम्प्युटरचं वर्णन लिवून घेतो. साइट उघडली का ती विचारते, पडदा केवढा आहे? विंडोज कोणती? ग्राफिक कार्ड कोणतं? फाँट कोणकोणते आहेत? अन् कॉम्प्युटर सारं सांगून देते. त्याले काई लाज नसते."

"पडदा तं हजारो लोकांकडं सारखा असते."

"एकेक गोष्ट हजारोंकडं असते. साऱ्या मिळून एकाकडंच. आता हा जो आहे ना, याचा पडदा जुना, चौकोनी. विंडोज अशी का कोणी वापरत नाई आता. अन् मराठीचे जुने फाँट एवढे आहेत का मोजता मोजता माही साइट थकली. असा दुसरा कॉम्प्युटर मले अजून दिसला नाई."

फाँट म्हणजे अक्षरांचे साचे. पंचवीस वर्षं गोळा केले आहेत मी. खलनायकाच्या नावाला टोकदार, विनोदी नटाला हलणारे, देवाच्या नाटकाला वेलबुट्टीचे. नागपूरला गेले की लोक संत्री आणतात, मी फाँट आणायचो. घरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा त्यांना जपलं. त्यांनीच चहाडी केली.

"कोणाचा आहे ते कळते का?" मी विचारलं.

"वर्णन कळते. नाव नाई लिवलं राहत त्याच्यावर. अन् मी कोणाले सांगतलं बी नाई." तो थांबला. "ज्याचा असंन त्यानं आपल्या खऱ्या नावानं लिवून द्यावं का पोरीले मालूम नव्हतं. मी पट्टी काढून टाकतो."

"अन् नाई देल्लं तं?"

"तं पट्टी राहीन, काका. नियम साऱ्यांसाठी आहे. मले बी बरं नाई वाटत."

त्याला काही कळलेलं नाही, एवढं बरं झालं. फक्त दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "काका, तो पडदा बदलवून टाका आता. डोळे जाते त्यानं." माझे डोळे दुखतात हे याला कुणी सांगितलं कोण जाणे.

१६ डिसेंबर

तीन दिवस एकच विचार. मनकर्णेच्या मोबाइलवरून लिहिलं तर? तो वेगळा, त्याला फाँट नाहीत. कुणा पाचव्या माणसाच्या नावानं खुलासा करावा, की ती चौघं मीच होतो, मुलीचा दोष नाही. नावही सुचलं होतं. मग स्वतःचीच किळस आली. खोट्या माणसांची माफी मागायला आणखी एक खोटा माणूस.

जेवताना मनकर्णा म्हणाली, "रंजीताले बहिणीचं काम देल्लं म्हणते."

"तुले कोणं सांगतलं?"

"गावात बोलून राह्यले." तिनं भात वाढला. "ज्यानं लिवलं त्याले सांगून द्याले काय होते?"

"लाज वाटत असंन त्याले."

"चार वर्सं लाजून काय भेटलं त्याले?"

चार वर्षं तिनं कुठून आणली कळेना. वेबसाइट तर यंदाचीच आहे. पण तिला हिशोब समजावत बसायचं त्राण नव्हतं.

१७ डिसेंबर

लिहिलं. माझ्याच कॉम्प्युटरवरून, माझ्याच नावानं. ते असं:

'मी पत्रू बुराडे, पोस्टरवाला, वडसा. मुखरू मास्तर, रुखमाबाई, विक्की आणि बुधू अशी कुणी माणसं नाहीत. ते सगळं मी लिहिलं. रंजीताला यातलं काही माहीत नव्हतं. ती माझी मुलगी आहे. नाटकं मात्र मी खरंच पाहिली, पुढे येऊन बसलो नाही एवढंच.'

सकाळी दहाला बसलो, तीनला संपलं. बाकीची वाक्यं झटकन झाली. 'ती माझी मुलगी आहे' हे आधी 'माझ्या ओळखीची' असं लिहिलं, मग 'माझ्या घरातली', मग सगळंच पुसून नुसता बसून राहिलो. एकोणीस वेळा परक्यांच्या तोंडून तिचं कौतुक केलं तेव्हा बोटं अडली नव्हती.

१९ डिसेंबर

पट्टी निघाली. दिनेश शब्दाला जागला.

हेमराजभाऊ सकाळी आले, आधी ओरडले, मग हसले, मग डोळे पुसले. नाटकवाल्यांचं असंच असतं. "सारं वडसा सांगते का बाप-लेक बोलत नाई. अन् तुमी एकोणीस चिठ्ठ्या लिवून बसले!" पण नागपूरच्या बाईला संक्रांतीपर्यंत शब्द देऊन झाला आहे. त्यानंतर बघू म्हणाले. म्हणजे मंडईचा जोर ओसरल्यावर. माझ्यामुळे तिचा निम्मा हंगाम गेला.

दुपारी रंजीता आली.

दुकानाच्या दारात उभी राहिली तेव्हा मला आधी कळलंच नाही, मी तिला कायम लांबून आणि उजेडात पाहिलेलं. वाळली आहे. मला वाटलं होतं ती रडेल, पाया पडेल, नाटकात पडतात तशी. ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली.

"मुखरू मास्तर तुमी?"

"हो."

"रुखमाबाई?"

"हो."

"तो खाणीतला?"

"विक्की. हो. बुधू बी."

"बुधूचं राहू द्या. तो मले खरा वाटलाच नव्हता."

मी हसलो. ती हसली नाही.

"कुरखेड्याकडं प्रयोग असला का मी पडद्याच्या फटीतून पाहत राह्याची. चष्मेवाला म्हातारा दिसला का वाटे, हेच मास्तर. एकाच्या तं पाया पडली मी. खताचा दुकानदार निघाला तो." तिनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "रुखमाबाईचं लिवलेलं मोबाइलमध्ये ठेवलं होतं. ताप होता तवा ते वाचून उभी राह्यली स्टेजवर."

"ते सारं खरंच होतं," मी म्हणालो. "एक बी शब्द खोटा नाई. मनापासून लिवलं."

"तुमी बाप आहा. बाप चांगलंच म्हणंन." मग ती त्या चौकोनी पडद्याकडे वळली. "माह्याकडं अनोळखी माणसं होती, बाबा. आपलं कोणी नसून चांगलं म्हणणारी. आता एक बी नाई."

"मी आहो ना."

"तुमाले बोलाचंच होतं तं माह्यासंग बोलाचं. दोन गल्ल्या सोडून तं राह्यते मी."

 तिची नोकरी वाचावी म्हणून मी लिहून दिलं, मान खाली घातली, गावानं हसून घेतलं. तिच्याकडचं काय गेलं हे मला ती बोलेपर्यंत सुचलंही नव्हतं, आणि अजूनही पुरतं समजलं आहे असं वाटत नाही. कौतुक ते कौतुक. कुणी का केलेलं असेना.

ती पाणी प्यायली आणि उठली. जाताना दुकानामागच्या घरात बघून म्हणाली, "आई, उद्या डबा नोको पाठवू. बाहेर प्रयोग आहे." कसला डबा, कोण पाठवतं, मनकर्णेला विचारायचं राहूनच गेलं.

२० डिसेंबर

काम केलं नाही. तीन गिऱ्हाइकं परत पाठवली. मनकर्णा म्हणाली, बरं नसंन तं पडा. पडलो. झोप नाही.

२२ डिसेंबर

आज खूप दिवसांनी तिचं पान उघडलं. माझे एकोणीस गेल्यावर अकरा अभिप्राय उरले आहेत. तो 'गावठी'वाला सोडला तर कधी वाचलेच नव्हते. मी आपला माझेच वाचत होतो.

बरेचसे एका शब्दाचे. 'मस्त.' 'ठीक.' एकानं माइकबद्दल तक्रार केली आहे. 'नागपूरची आणा' तसंच आहे. आणि शेवटी, पट्टी असतानाच्या दिवसांतला, एक. बुधरी, भामरागडकडून. जशाचा तसा उतरवतो:

'माझी मराठी थोडी. बहिणीच्या गावाला आलो होतो म्हणून नाटक पाहिले. मोठी हिरोइन नाही, तिची बहीण झाली ती मुलगी. ती मरते तेव्हा माझी आई उठून उभी राहिली. आईला मराठी येत नाही. मी सांगितले खोटे आहे, बस. ती बसली नाही. तीन तारे देते कारण सकाळची बस चुकली.'

दोन सीनचं बहिणीचं काम. लाल पट्टी लागलेली असताना.

मी सात वेळा वाचलं. असं मला या जन्मात सुचलं नसतं. मास्तरांना नाही, रुखमाबाईंनाही नाही. दिनेशला फोन करून विचारलं. तो म्हणाला, साधा मोबाइल आहे काका, तिकडचाच आहे, त्यावरून हे एकच आलं आहे. कोण ते त्यालाही माहीत नाही.

मग रंजीताला फोन लावला. नंबर पाठ होता. चार वर्षांत एकदाही लावला नव्हता. तिनं उचलला.

"एक वाचून दाखवतो," मी म्हणालो. "हे मी नाई लिवलं."

ओळीनं वाचलं. अगदी चुकलेल्या बसपर्यंत.  

"कोण आहे ती?" तिनं विचारलं.

"मले मालूम नाई."

"खरंच मालूम नाई?"

"तुही शपथ, नाई मालूम. कोणालेच मालूम नाई."

तिनं नाक ओढलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, "बाबा, परत वाचा."

मी परत वाचलं.